साल्टरबीला टोक बदलता येतं का

नॉरीन हॅलिवेलला ओळखीचे लोक अधूनमधून सांगत, की आता कुठलंही मैदान फोनवर दिसतं, वरून काढलेला फोटो असतो, त्यासाठी एवढ्या लांब जाऊन यायची काय गरज. नॉरीन मान हलवून ऐकून घेई आणि म्हणे, "वरून चढ दिसत नाही." मग मंगळवारी सकाळी डबा भरून निघे.

तिचं गाव हॉलिनशॉ. डोंगराच्या कुशीतलं, बंद गिरण्यांचं, चढउतारांचं. गावाच्या फुटबॉल संघाला वर्तमानपत्रात चार ओळी मिळाल्या तरी लोक कात्रण कापून ठेवत, कारण इंग्लंडातल्या संघांची उतरंड वरून मोजत आलं तर हॉलिनशॉ टाउन आठव्या पायरीवर होतं. घरच्या सामन्याला तीनशे माणसं. बाहेरगावी सामना असला की त्यातली तीसेक बसमध्ये बसून जात, आणि ती बस कुठून निघेल, कुठे थांबेल, कुठे उभी राहील हे सगळं गेली एकतीस वर्षं नॉरीन ठरवत आली होती.

त्याआधी आणि त्याबरोबरही ती गावच्या बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसायची. लोक येऊन विचारत, अमुक बस किती वाजता. नॉरीनच्या लवकरच लक्षात आलं होतं की माणसाला फक्त वेळ नको असते. उतरल्यावर आडोसा आहे का, समोर चढण आहे का, बरोबरच्या म्हातारीला बसायला काही आहे का, हे त्याला खरं हवं असतं, पण विचारायला तो लाजतो. म्हणून ती सुटीच्या दिवशी एकेक बस धरून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायची. तिथे काय आहे ते बघायला. बहुतेक ठिकाणी काहीच नसे, आणि ते काहीच नसणंही ती वहीत टिपून ठेवी.

तीच सवय तिने संघाच्या कामात आणली. नव्या गावी सामना असला की त्या आठवड्यात मंगळवारी ती एकटी जाऊन मैदान पाहून येई आणि शनिवारी बसमध्ये प्रत्येकाला एक कागद देई, दोन्ही बाजूंनी भरलेला. त्याला सगळे 'नॉरीनचा कागद' म्हणत. त्यात लिहिलेलं असे: कुत्रं आणलं तर चालतं. टपरीवरच्या खिम्याच्या पाईवर रस्सा मागावा लागतो, आपणहून घालत नाहीत. पुरुषांच्या संडासाला कडी नाही, बाहेर कुणाला तरी उभं करा. पूर्वेच्या कोपऱ्यात उभे राहू नका, तिथे गोलकीपरचे वडील असतात आणि ते बोलत राहतात.

बसमध्ये डावीकडची तिसरी जागा विल्फ ऑर्मरॉडची. विल्फ एक्याऐंशी वर्षांचा. आगारात तो ड्रायव्हर होता आणि पाठीराख्यांची बस पूर्वी तोच चालवायचा. नॉरीनला पहिल्यांदा बाहेरगावच्या सामन्याला ओढून नेलं तेही त्यानेच. ती आता एकोणसत्तरची झाली तरी तो तिला 'पोरी' म्हणे. गेल्या एप्रिलमध्ये त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं सुटलं ते महिन्याभरात परत आलं, पण डावा पाय ओढत राहिला आणि हाती चाकांचा वॉकर आला. नव्या हंगामात घरच्या दोन सामन्यांना मुलीने त्याला मोटारीतून आणलं आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं. तिसऱ्या सामन्याला तो आला नाही. "कुंडीसारखं ठेवतात," एवढंच म्हणाला.

बाहेरगावचे आठ सामने झाले, आठही त्याच्याविना. नॉरीनने अशी माणसं पाहिली होती. एक हंगाम चुकला की पुढच्या हंगामात ती विचार करतात, आणि त्यापुढच्या हंगामात तुम्ही विचारायचं सोडता.

साल्टरबीचा सामना लागला तेव्हा रविवारी ती त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"समुद्रकाठ आहे," ती म्हणाली. "आपण कधीच गेलो नाही तिथे. आपल्यातलं कुणीच नाही."

"टोक बदलता येतं का तिथे?" विल्फने विचारलं.

खालच्या पायऱ्यांवरच्या फुटबॉलमध्ये ही एक रीत आहे. मोठ्या संघांकडे पाठीराख्यांना कुंपणं घालून वेगळं बसवतात. इथे कुणी कुणाला अडवत नाही. म्हणून आपला संघ ज्या गोलवर चाल करतो त्या गोलमागे जाऊन उभं राहायचं, आणि मध्यंतर झालं, संघांनी बाजू बदलल्या, की आपणही झेंडे गुंडाळून, ढोल उचलून मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचं. वाटेत समोरून त्यांचे लोक येत असतात. त्यांना टोमणे मारायचे, त्यांचे खायचे, आणि पुढे जायचं. विल्फने साठ वर्षं हे केलं होतं.

"स्टँडमध्ये खुर्ची मिळेल तुला," नॉरीन म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी."

"खुर्ची माझ्या घरात आहे. चार आहेत."

"मग मी बघून येते."

"बघून ये. येत असेल बदलता, तर मी येतो. नसेल येत तर मला परत विचारायचं नाही, पोरी. ह्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. दोघांच्याही डोक्याला ताप नको."

तो हे रागाने म्हणाला नाही. चहात साखर ढवळत म्हणाला, म्हणून नॉरीनला ते जास्त लागलं.

मंगळवारी दोन आगगाड्या आणि एक बस बदलून ती साल्टरबीला पोचली. फाटक उघडंच होतं. एका टोकाला क्लबहाऊस आणि चहाची टपरी. दुसऱ्या टोकाला गोलमागे एक रुंद नाला, आणि नाल्यापलीकडे शेतं, बांध, समुद्र. तिने आधी डावी बाजू धरली. तिथे गवताचा उतार होता आणि चिखलावर फळ्या टाकलेल्या. फळी पायाखाली डुलली तशी ती परत फिरली. उजवीकडे छोटं स्टँड, पाच रांगांचं, आणि त्याच्यापुढून सिमेंटची वाट. ती पावलं मोजत निघाली. दर दहा पावलांवर थांबे, टाचेने जमीन दाबून बघे, लिही, आणि पुढे जाई.

एक माणूस ट्रॅक्टरच्या शेडमधून बराच वेळ तिच्याकडे बघत होता. शेवटी तो हात पुसत आला.

"काही हरवलंय का, बाई?"

"नाही. ह्या वाटेवरून वॉकर जाईल का ते बघतेय. चाकांचा."

"किती चाकं?"

"चार."

त्याने वाटेकडे नव्याने पाहिलं. "जाईल. पण मध्यंतरात इथे दोरी लावतो मी. खेळाडू इथून आत जातात ना. सगळे आत गेले की दोरी काढतो, बाहेर यायच्या वेळी परत लावतो."

"किती वेळ?"

"जाताना दोन मिनिटं. येताना दोन."

त्याचं नाव पेनफोल्ड. मैदानाची निगा तोच राखायचा, एकोणीस वर्षं. असे प्रश्न त्याला कुणी विचारले नव्हते, आणि एकदा विचारल्यावर त्याला थांबवणं अवघड होतं. नाल्याला पाणी कधी चढतं, गवत कुठे धरत नाही, चहाचं मशीन कुणी दिलं, सगळं त्याने सांगितलं. नॉरीनने सगळं लिहून घेतलं.

"आणि तुमचा संघ पूर्वार्धात कुठल्या टोकाकडे खेळतो?"

"नाल्याकडे. नेहमी. वारा समुद्रावरून येतो ना. पहिल्या अर्ध्यात वारा तोंडावर घ्यायचा, सांभाळून खेळायचं. दुसऱ्या अर्ध्यात वारा पाठीवर. तुमची पोरं तोवर दमलेली. ह्या वर्षी आमचे घरचे बारा गोल झाले, त्यातले नऊ उत्तरार्धात."

नॉरीनने हिशोब मांडला. ते आधी नाल्याकडे, म्हणजे आपण आधी क्लबहाऊसकडे. बस क्लबहाऊसपाशीच येते. विल्फला उतरवायचं, दहा पावलांवर गोल, तिथे उभं करायचं. मध्यंतरात दोरी निघाली की स्टँडपुढून नाल्याच्या टोकाला. एकशे सत्तर पावलं. सामना संपल्यावर तेवढंच परत चालणं नको.

"त्या नाल्याजवळ फाटक दिसतंय ते कशाचं?"

"ट्रॅक्टरचं."

"सामना संपताना तिथे बस लावली तर?"

पेनफोल्डने डोकं खाजवलं. "एकोणीस वर्षांत कुणी लावली नाही. पण लागेल."

बुधवारपासून विल्फच्या घरामागच्या गल्लीत तालीम सुरू झाली. नॉरीनने एकशे सत्तर पावलांवर भिंतीला खडूची रेघ मारली आणि घड्याळ घेऊन उभी राहिली. बुधवारी सोळा मिनिटं. गुरुवारी चौदा. विल्फ वॉकर ढकलत होता, मान खाली, ओठ आवळलेले. शुक्रवारी तो रेघेवर पोचला तेव्हा नॉरीनने घड्याळ दाखवलं. अकरा मिनिटं.

"मध्यंतर पंधरा मिनिटांचं," ती म्हणाली. "दोरीची दोन गेली तरी दोन हातात उरतात. साल्टरबीला टोक बदलता येतं, विल्फ."

"तू म्हणतेस तर येत असेल," विल्फ म्हणाला, आणि आत जाऊन गळ्यातला मफलर शोधायला लागला.

आठव्या पायरीवर खेळाडूंची बस वेगळी नसते. पाठीराखे पुढे बसतात, खेळाडू मागे. आठवडाभर बॉयलर दुरुस्त करणारा डेक्लन हा संघाचा कर्णधार, त्याला पायांना जागा लागते म्हणून तो नेहमी मधल्या दाराशी. शनिवारी विल्फ बसमध्ये चढला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बॅरी नावाचा ढोलवाला फक्त म्हणाला, "बघा, भाडं बुडवून पळालेला सापडला." विल्फ म्हणाला, "तुझा ढोल ऐकू येत नाही अशा ठिकाणी राहून आलो, फार बरं वाटलं." आणि बस निघाली.

नॉरीनने कागद वाटले. अर्ध्या वाटेत डेक्लन तिच्या सीटशी येऊन वाकला.

"नॉरीन, हे वाऱ्याचं कुणी सांगितलं?"

"पेनफोल्डने. मैदान राखतो तो."

"खरं सांगत असेल?"

"मैदान राखणारा माणूस वाऱ्याबद्दल कशाला खोटं बोलेल?"

डेक्लनने तो परिच्छेद परत वाचला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. आपला कागद कर्णधारानेही वाचला ह्याचं नॉरीनला बरंच समाधान वाटलं.

पावणेतीनला सगळं ठरल्याबरहुकूम होतं. विल्फ क्लबहाऊसच्या गोलमागे कठड्याला टेकून उभा, हातात चहा. दोन्ही बाजूंना हॉलिनशॉची माणसं, कठड्यावर झेंडे बांधलेले. बसचा ड्रायव्हर ट्रेव्हर नाल्याच्या फाटकाकडे बस न्यायला निघून गेला होता. वारा खरंच समुद्राकडून येत होता आणि चहाची वाफ आडवी पळत होती.

मैदानाच्या मध्यभागी पंच आणि दोन कर्णधार उभे राहिले. नाणं वर गेलं, खाली आलं. डेक्लनने वाकून बघितलं, सरळ झाला, आणि हात डोक्यावर नेऊन गोल फिरवला. दोन्ही संघ बाजू बदलायला पळत सुटले.

"फिरवलं," बॅरी खूश होऊन म्हणाला. "त्यांचा वारा काढून घेतला बघ. हुशार आहे पोरगा." आणि तो ढोलाचा पट्टा खांद्यावर घ्यायला लागला. भोवतालची सगळी माणसं झेंडे सोडून गुंडाळायला लागली.

एकतीस वर्षं नॉरीन नाणेफेक बघत आली होती. साल्टरबीचा संघ कुठे खेळतो हे तिने तीन तास जाऊन विचारून घेतलं, पण आपला संघही नाणं जिंकू शकतो हे तिच्या मनात आलं नाही. आणि जिंकलं तर काय करावं, हे तिनेच कागदावर लिहून दिलं होतं.

"विल्फ," ती म्हणाली, "एका दृष्टीने बरंच झालं. तू इथेच थांब. उत्तरार्धात आपली पोरं ह्याच गोलवर येणार. तुला चालायचंच नाही."

"आणि तोपर्यंत काय, आपल्याच गोलकीपरची पाठ बघू?"

"एक दिवस बघ."

"आणि तुम्ही सगळे तिकडे."

"मी थांबते ना तुझ्याजवळ."

"म्हणजे एकाच्या जागी दोन कुंड्या." विल्फने चहाचा पेला कठड्यावर ठेवला आणि वॉकर वळवला.

"दोनदा होणार नाही, विल्फ. आता जायचं आणि मध्यंतरात परत यायचं. मी एकदाचंच मोजलंय."

"मग आता मोज."

ते टपरीपासून दहा-बारा पावलं गेले असतील, तोच शिट्टी झाली आणि सामना सुरू झाला. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. नाल्याच्या टोकाकडून ढोल ऐकू यायला लागला.

स्टँडपुढच्या वाटेवर ते दोघंच होते. पहिल्या रांगेत गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसलेला एक माणूस म्हणाला, "आजोबा, सरका जरा, दिसत नाही."

"सरकतोच आहे," विल्फ म्हणाला. "तुला कळत नसलं तरी."

"कधीपर्यंत?"

"मध्यंतरापर्यंत."

रांगेत हसू पिकलं. पण त्याच क्षणी चेंडू ह्या बाजूला आला आणि विल्फ थांबला. हॉलिनशॉचा एक लाल केसांचा पोरगा त्यांच्यापासून हातभर अंतरावरून धावत गेला. त्याचा श्वास ऐकू आला, बुटांखाली गवत फाटल्याचा आवाज ऐकू आला. डेक्लन मध्यातून कुणाला तरी नावाने हाका मारत होता, आणि त्या हाका म्हणजे निव्वळ शिव्या होत्या. चेंडू पलीकडे गेला, विल्फ चालायला लागला. दहा पावलं. चेंडू परत आला, विल्फ परत थांबला.

नॉरीनने घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं झाली होती आणि ते स्टँडच्या मधल्या खांबाशीही पोचले नव्हते. गल्लीत हा माणूस एवढ्या वेळात रेघ ओलांडायचा. ती त्याच्या पायाकडे बघत राहिली. पाय बरा चालत होता. मग तिचं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं. गल्लीत मान खाली होती, कारण गल्लीत बघायला काही नव्हतं. तिने पावलं मोजली, वाट मोजली, दोरीची मिनिटं मोजली. माणूस सामना बघत बघत चालणार हे धरलंच नव्हतं.

त्यानंतर तिने घड्याळ बाहीखाली सरकवलं आणि स्वतःही बघायला लागली. इतकी वर्षं तिने फुटबॉल गोलमागूनच पाहिला होता: एकतर अंगावर येणारा, नाहीतर दूर जाणारा. आडवा तो तिने कधी पाहिला नव्हता. इथून दिसत होतं की चेंडूपासून लांब असलेली माणसंही सारखी जागा बदलतात, बोटांनी एकमेकांना खुणा करतात. लाइन्समन खेकड्यासारखा आडवा पळत होता आणि पळताना स्वतःशी पुटपुटत होता.

"काय म्हणतोय तो?" तिने विचारलं.

"मोजतोय," विल्फ म्हणाला. "ऑफसाइड धरायला शेवटून दुसरा बचावपटू कोण ते. मागच्या हंगामात मी ह्याच्यावर ओरडलो होतो. आता वाटतं, बिचाऱ्याला बरंच काम असतं." मग आवाज चढवून त्याने लाइन्समनला सांगितलं, "तरी तो गोल ऑफसाइड नव्हता." लाइन्समन न वळता म्हणाला, "होता, काका."

घोंगडीवाल्याच्या बायकोने थर्मासमधला चहा पुढे केला आणि शेजारची पिशवी उचलून जागाही करून दिली. विल्फने चहा घेतला, जागा घेतली नाही. मागच्या रांगेतल्या कुणीतरी पैज लावली की म्हातारा मध्यंतराच्या आत पोचत नाही. दुसरा म्हणाला, पोचतो. त्यानंतर चेंडू त्या बाजूला नसला की अर्धं स्टँड विल्फकडे बघत होतं.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला तो नाल्याच्या टोकाला पोचला. मागे स्टँडमध्ये कुणीतरी पैज जिंकल्याचा आवाज आला.

"म्हाताऱ्या," बॅरी म्हणाला, "आम्हाला वाटलं तू साल्टरबीत घर घेतलंस."

"बघितली दोन-तीन. तुझ्या ढोलापासून लांब मिळेना."

सहा मिनिटं तो सगळ्यांबरोबर कठड्याला टेकून उभा राहिला. वारा हॉलिनशॉच्या पोरांच्या तोंडावर होता, गोल कुणाचाच झाला नाही, आणि मध्यंतराची शिट्टी वाजली. बॅरीने ढोल उचलला. सगळे परत निघाले. विल्फचा डावा पाय थरथरत होता. त्याने तो थरथरताना बघितला, आणि नॉरीननेही.

त्यांच्यामागे वीस फुटांवर ट्रॅक्टरचं फाटक सताड उघडं होतं आणि फाटकात बस उभी होती. दार उघडं, आत दिवा, ट्रेव्हर वर्तमानपत्र वाचतोय. नॉरीनने सांगितलं होतं तशीच, वेळेच्या बरीच आधी.

"बस जरा आत जाऊन," ती म्हणाली. "काचेतून दिसतं. कुणी काही म्हणणार नाही, विल्फ. मीही नाही."

विल्फने बसकडे पाहिलं. मग मैदानापलीकडे, चहाच्या टपरीसमोर छोट्या दिसणाऱ्या त्या दुसऱ्या गोलकडे पाहिलं.

"हे फाटक कुणी उघडायला लावलं?"

"मी."

"चांगलं फाटक आहे," विल्फ म्हणाला, आणि वॉकर वळवला.

ते स्टँडपाशी पोचले तोवर मध्यंतर संपत आलं होतं आणि दोरी परत लागली होती. पेनफोल्डने दोरीच्या पलीकडून नॉरीनला ओळखून मान हलवली. डेक्लन तिथून बाहेर मैदानाकडे येता येता थबकला.

"विल्फ? तू इकडे काय करतोस?"

"तू नाणं फिरवलंस ना, म्हणून दोनदा चालतोय."

डेक्लनने वॉकरकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "माझ्या लक्षात नाही आलं रे. वारा..."

"बरोबर केलंस," विल्फ म्हणाला. "आता तो पाठीवर आहे, वाया घालवू नकोस. आणि तुझ्या त्या लाल केसांच्या पोराला सांग, चेंडू मिळाला की खाली बघतो. वर बघ म्हणावं. मी जवळून पाहिलंय."

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा ते स्टँडच्या कडेलाच होते. आता विल्फ फक्त बघण्यासाठी थांबत नव्हता, दम खाण्यासाठीही थांबत होता; दोन्ही कारणं एकमेकांत मिसळून गेली होती आणि नॉरीन ती वेगळी करायच्या भानगडीत पडली नाही. तिने ट्रेव्हरला फोन करून बस परत क्लबहाऊसकडे आणायला सांगितलं. "मग मी इकडे आलो कशाला होतो?" ट्रेव्हरने विचारलं.

एकसष्टाव्या मिनिटाला मध्यरेषेजवळ, विल्फच्या अगदी समोर, त्या लाल केसांच्या पोराला चेंडू मिळाला. त्याने वर पाहिलं. आणि मैदान आडवं कापत असा लांब चेंडू टाकला, की वाऱ्याने तो उचलून थेट पुढच्या खेळाडूच्या पायात नेऊन ठेवला. गोल झाला तो लांब, दुसऱ्या टोकाला. बॅरी आणि मंडळींना शेवट दिसला. सुरुवात फक्त विल्फ आणि नॉरीनला दिसली होती. वॉकरच्या दांड्यावर विल्फने दोनदा तळहात आपटला.

साल्टरबीने ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी केली. घोंगडीवाला उठून नाचला आणि मग विल्फच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका."

शेवटची शिट्टी झाली तेव्हा विल्फ स्टँड ओलांडून कोपऱ्यातल्या झेंड्याशी पोचला होता. गोलमागची माणसं पांगायला लागली होती. बॅरी ढोल घेऊन समोरून आला.

"संपलं, विल्फ. एक-एक. थांब इथेच, बस येतेय ह्या बाजूला."

"येऊ दे."

"अरे, संपला सामना."

"ऐकली शिट्टी," विल्फ म्हणाला. "बाजूला हो."

बॅरी बाजूला झाला. नॉरीन विल्फच्या मागून चालत होती. तेवीस पावलं उरली असावीत असं तिला वाटलं, पण तिने ती मोजली नाहीत. मैदानातून पेनफोल्ड जाळी सोडवायला गोलपाशी आला होता. त्याने जाळीचा एक हूक काढला, वर पाहिलं, आणि हात थांबवून तसाच उभा राहिला.

विल्फ गोलच्या बरोबर मागे आला. वॉकर सोडून त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. मैदान रिकामं झालं होतं. पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं.

"लिही," तो म्हणाला.

"काय?"

"साल्टरबीला टोक बदलता येतं. पण नाणेफेकीच्या आधी निघावं."

नॉरीनने वही काढली आणि मग पेन्सिल तशीच धरून थांबली. "नाणेफेकीच्या आधी कुणाला कळणार, कुठल्या बाजूला जायचं ते?"

"ते तू बघ," विल्फ म्हणाला. "मंगळवारी जाशील ना, तेव्हा."